मंगळावर टँकर कधी येणार?

मंगळ माणसाला राहण्याजोगा करायचं अब्जाधीशांनी मनावर घेतलंय. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी, त्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड, मातीत विषारी परक्लोरेट आणि पाणी बर्फ होऊन बसलेलं. हे सगळं ऐकून जालन्याचा माणूस एवढंच विचारील, "टँकर येतो ना?" २०१२-१३चा दुष्काळ काढलेल्याला मंगळ फार परका वाटायचा नाही.

नासाच्या मॉक्सी यंत्राने २०२१ ते २०२३ या काळात तिथे मिळून १२२ ग्रॅम प्राणवायू बनवला. नासाच्याच हिशेबाने त्यावर एखादं लहान कुत्रं दहा तास श्वास घेईल. कुत्र्याचं मत कुणी विचारलं नाही.

इकडे जालना तालुक्यातल्या कडवंचीने आपलं माळरान आधीच बदलून घेतलंय. विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली पाणलोटाचं काम झालं, बांध घातले गेले, शेततळी झाली, आणि कमी पावसाच्या गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पण यान नाही, उलटी गणती नाही. मग गुंतवणूकदार कशाला फिरकतील?

तरी मंगळावर जायचंच असेल तर तिथे राहायच्या घुमटांना सळई जालन्याची घ्या, इथे पोलादाला तोटा नाही. बियाणंही इथलंच न्या. फक्त पहिला हंगाम बुडाला की पंचनाम्याला तलाठी कुठल्या सज्जाचा येणार, तेवढं यान सुटण्याआधी लेखी घेऊन ठेवा.