आधी बिल, मग देणगी

लघुउद्योजकांना आधार देणाऱ्या संस्थेत निधी उभारणीचं प्रमुखपद सांभाळायचं, तर एक गुण हवाच. ज्या कंपनीपुढे हात पसरायचा, तिनेच पुठ्ठ्याची खोकी पुरवणाऱ्या छोट्या कारखानदाराचं बिल थकवलंय, हे सोयीस्करपणे विसरता आलं पाहिजे.

२०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर, म्हणजे सीएसआरवर, खर्चायला लावले. त्यामुळे वर्षभर ‘बघू’ म्हणणारे सीएसआरवाले मार्च उजाडला की स्वतःहून फोन करतात, "प्रस्ताव तयार आहे ना? फोटोत महिला किती असतील?" महिला असतात. शिलाई मशिनही असतं. बॅनरवरचं कंपनीचं नाव मात्र मशिनपेक्षा मोठं असतं.

खरी गंमत पुढेच. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघुउद्योगांचं बिल, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागवायचं असतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पण व्याज मागितलं तर पुढची ऑर्डर जाईल, म्हणून सगळे गप्प. मग पैशांवाचून अडलेल्या त्याच कारखानदाराला संस्था ‘खेळत्या भांडवलाचं नियोजन’ शिकवते. तेही कंपनीच्या देणगीतून, चहा-नाश्त्यासह.

निधीप्रमुखांनी पुढच्या प्रस्तावात एकच अट घालावी: आधी थकलेली बिलं भागवा, मग देणगी द्या. निधी आटेल कदाचित. पण निम्म्या कार्यशाळांची गरजही उरणार नाही.