चार नंबरचा सिलिंडर आणि कर्नलकाकांचे निखारे

अहो, ऐकलंत का? अशा इकडे या, जास्वंदीच्या आडोशाला. तिथे उभ्या राहिलात तर चार नंबरच्या गॅलरीतून सगळं दिसतं, आणि त्यांच्या काकू आत्ता कपडे वाळत घालायला येतीलच... शनिवारी तुम्ही नेमक्या भाचीच्या साखरपुड्याला गेलात! जेवण चांगलं होतं का तिकडे? असू दे, ते नंतर सांगा.

बार्बेक्यूचं तुम्हाला माहीतच आहे. दिवाळीपासून आपल्या कॉलनीत दुसरा विषय नाही. चार नंबरचा मुलगा अमेरिकेतलं बिऱ्हाड गुंडाळून आला, कंटेनरभर सामान आलं, आणि त्यात तो गॅसचा बार्बेक्यू. चार बर्नर, खाली चाकं, झाकणावर थर्मामीटर. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला फाटकातून आत ओढून दाखवत होत्या. आणि पाच नंबरच्या कर्नलकाकांनी तो पाहिला. मग काय विचारता! त्यांचा तो काळा, गोल झाकणाचा, कोळशावरचा. महूला पोस्टिंग असताना घेतलेला. फाटकातच उभं राहून म्हणाले, ‘‘गॅसवरच भाजायचं तर ओट्याने काय घोडं मारलंय?’’ मी होते ना तिथे, दुधाच्या पिशव्या घेत. मुलगा बोलला काही नाही, वळण चांगलं आहे हो, पण कान असे लाल झाले! आणि काकूंचा चेहरा... जाऊ दे.

तर शनिवार ठरला. मार्गशीर्षातला गुरुवार टाळून मुद्दाम शनिवार धरला, तरी दोन नंबरच्या वहिनी म्हणाल्याच, ‘‘आमचा शनिवार असतो.’’ म्हणजे पनीर वेगळं, चिमटे वेगळे, जाळीचा कोपरासुद्धा वेगळा. ठरलं असं की दोघांनी आपापल्या फाटकासमोर भाजायचं, माल एकच, मसाला एकच, आणि खायचं एका टेबलावर. होऊन जाऊ दे एकदाचं!

पण कोळसा आणायचा कुठून? काका कायम आपल्या इस्त्रीवाल्याकडून न्यायचे. कर्नलकाकू पिशवी घेऊन गेल्या, तर तो म्हणतो, ‘‘काकू, मी गॅसच्या इस्त्रीवर गेलो, कोळसा बंद.’’ आता बोला! इस्त्रीवालासुद्धा चार नंबरच्या पार्टीत. काकूंनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा काकांनी पेपर खाली ठेवला म्हणे. एरवी भूकंप झाला तरी ठेवत नाहीत.

मग दोन नंबरचे भावोजी स्कूटरवरून उत्साहाने कोळसा घेऊन आले. आणि काय आणलं असेल? दगडी कोळसा! ‘‘कोळसा तो कोळसा’’, म्हणे. काकांनी एक तुकडा उचलला, हुंगला, आणि विचारलं, ‘‘इंजिनात घालायचाय का?’’ वहिनींनी जी मान खाली घातली... पण काकांचं बरोबर होतं. दगडी कोळशात गंधक असतं, त्याचा धूर अन्नाला लागला म्हणजे झालंच. खायच्या वस्तूला लाकडाचा कोळसाच हवा, आपले लोक लोणारी कोळसा म्हणतात तो. किंवा कोकणात मिळतो तसा करवंट्यांचा. शेवटी वखारीतून पोतं आलं एकदाचं.

इकडे चार नंबरची वेगळीच तऱ्हा. अमेरिकेतल्या टाकीला रेग्युलेटर आट्यांवर फिरवून बसवतात, आपल्या सिलिंडरला खटका. बसेचना! शेवटी गॅसच्या दुरुस्तीवाल्याने नवा रेग्युलेटर, नवा पाइप लावून दिला. तर ज्योत पिवळी. त्यांच्याकडे नुसता प्रोपेन, आपल्या लाल सिलिंडरात ब्युटेनही असतो ना, त्या गॅसला हवा जास्त लागते, म्हणून तो बर्नरची झडप उघडझाप करत बसला. साबणाचं पाणी लावून जोडही तपासले. आणि एवढं सगळं होईतो कळलं की आपला १४.२ किलोचा सिलिंडर त्या खालच्या कपाटात उभा मावतच नाही! मुलगा म्हणतो, आडवा ठेवू. दुरुस्तीवाला ओरडलाच. आडवा ठेवला की वायूऐवजी पातळ गॅस पाइपात येतो, आणि मग बार्बेक्यू कसला, फटाकेच. शेवटी सिलिंडर बाहेर फरशीवर उभा. एवढ्या लाखमोलाच्या यंत्राशेजारी तो लाल सिलिंडर, टाय लावलेल्या नवरदेवाने पायात रबरी चपला घालाव्यात ना, तसा!

तर काय सांगत होते... हां, संध्याकाळ. थंडी होती मस्त. काकांनी डालड्याच्या जुन्या डब्याला खालून भोकं पाडलेली आहेत, त्यात नारळाच्या शेंड्या, वर कोळसा, आणि एक कापूर. रॉकेलला हात लावू देत नाहीत, वास जिन्नसात उतरतो म्हणून. पेटलं छान. पण निखाऱ्यावर पांढरी राख धरल्याशिवाय काका जाळीवर काही ठेवू देतील तर शपथ! अर्धा तास. तोवर पोरं ‘‘भूक, भूक’’ करतायत, आणि काका त्यांना गोष्ट सांगतायत. तीच हो, बोयाची! की १९५२ साली शिकागोकडे जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस धातूच्या कारखान्यात होता, तिथे पाण्यावर तरंगणारे बोये बनायचे, त्याने बोयाचे दोन अर्धे घेतले, एकाचं भांडं केलं, एकाचं झाकण, आणि तोच वेबरचा गोल बार्बेक्यू. गोष्ट खरी आहे, पण कितीदा? काकू तर ओठ हलवून सोबत म्हणत होत्या.

चार नंबरवाल्याने बटण फिरवलं, दहा मिनिटांत जाळी तापली, कणसं झालीसुद्धा. सगळी पोरं पळत तिकडे. काकांच्या भोवती राहिले दोन नंबरचे भावोजी, तेही दगडी कोळशाचं प्रायश्चित्त म्हणून.

मुलगा जरा चढलाच मग. म्हणाला, ‘‘काका, मुंबईत तर आता बेकऱ्यांच्या लाकडाच्या भट्ट्यासुद्धा जातायत.’’ ते तुम्ही वाचलंच असेल, २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टाने सांगितलं ना, लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि हॉटेलं सहा महिन्यांत गॅस नाहीतर दुसऱ्या स्वच्छ इंधनावर न्या, हवा बिघडते. काका म्हणाले, ‘‘आणि पावाची चव?’’ पुढे कोणी बोललं नाही. मला विचाराल तर दोघांचंही खरं. पण बेकरीची भट्टी रोज पेटते हो, आणि काकांची महिन्यातून कधीतरी. घरच्या शेगडीला अजून कोणी विचारायला आलेलं नाही.

आणि आता ऐका, मजा पुढेच आहे. चिकन चढवलं, आणि त्याच वेळी चार नंबरच्या काकू आतून ओरडल्या, ‘‘अगं, वरण शिजेना!’’ अहो, त्या मुलाने स्वयंपाकघरातला सिलिंडर काढून आणला होता! जोडीचा रिकामा, नंबर लावलेला, आलेला नाही. ओट्यावर कुकर थंड. सुनेने नवऱ्याकडे जे पाहिलं ना... मी नजर वळवली. शेवटी तिने कुकर उचलला आणि आणून त्या अमेरिकन बार्बेक्यूवर ठेवला! सगळ्यांसमोर. एका बर्नरवर तंगड्या, एकावर तुरीची डाळ. शिट्टी झाली तेव्हा कर्नलकाका जे हसले, तसे मी त्यांना कधी पाहिलेले नाहीत.

पण थांबा, खरी गोष्ट मी तुम्हाला अजून सांगितलीच नाही. हळू बोला.

मी काही बघायला गेले नव्हते, तुळशीपाशी दिवा लावत होते. तर चार आणि पाच नंबरच्या मधल्या भिंतीवरून काय जातंय? सांडशीत धरलेली वाटी! वाटीत लालबुंद निखारा. देणाऱ्या कर्नलकाकू, घेणारी चार नंबरची सून. पूर्वी शेजारी विस्तव मागायला यायचे ना, अगदी तसं. पोरीने आत नेला, भाजलेल्या तंगड्या पातेल्यात, मधोमध कांद्याची पाकळी, तिच्यात निखारा, वर तुपाची धार, आणि झाकण घट्ट. पाच मिनिटांत धुंगार!

टेबलावर ताटं आली ती सगळी एकत्र. काकांनी एक तंगडी उचलली, डोळे मिटले, आणि चावता चावता म्हणाले, ‘‘बघा. याला म्हणतात कोळसा.’’ सून अगदी बारीक आवाजात म्हणाली, ‘‘काका, ते ताट आमचं.’’

काय शांतता पसरली म्हणून सांगू! काकांची मिशी खाली आली. मुलगा तर बायकोकडे असा बघतोय जशी काही त्याची नोकरीच कायम झाली. आणि कर्नलकाकू? त्या चटणी वाढत होत्या. मान वर नाही केली. थोड्या वेळाने काका म्हणाले, ‘‘मसाला बरा लागलाय’’, आणि दुसरी तंगडी घेतली... आपल्या ताटातली.

आता तुम्हीच सांगा, यात कोण जिंकलं? अहो, चवीचं हे भांडण निम्मं खोटंच आहे. मांसाचा रस नि तूप-तेल खाली गळतं, तापलेल्या पत्र्यावर पडलं काय नि निखाऱ्यावर पडलं काय, त्याचा धूर वर येतो आणि तोच चिकटतो. पनीरला, ढोबळ्या मिरचीला गळायलाच काही नाही, तिथे फरक कोणाला कळणार? वहिनींना तर कळलाच नाही, दोन्हीकडचं खाल्लं. कोळशाची स्वतःची आच वेगळी असते हे मात्र खरं. सुकी, सणसणीत. गॅस जळताना वाफ सोडतो, त्याने वरचं पापुद्र्यासारखं कुरकुरीत व्हायला वेळ लागतो. आणि भरताचं वांगं? त्याची साल करपली की चव आलीच, आपल्या ओट्यावरही येते. त्यासाठी कोणी कंटेनर भरून आणायला नको.

मी काय पाहिलं ते सांगते. कर्नलकाका घरात चहाचा कपसुद्धा उचलत नाहीत, हे काकूंनीच सांगितलंय. पण कोळसा म्हटला की दीड तास उभे! वारा घालतायत, निखारे एका बाजूला सारतायत, जाड तुकडे थंड बाजूला, पातळ आचेवर, घाम पुसतायत. काकू खुर्चीत. त्या म्हणतात, ‘‘मला तो धूरच आवडतो, त्यात मी नसते ना!’’ आणि चार नंबरला? गॅसला बटण असतं. बटण आलं की ‘‘जरा बघतेस का गं’’ आलंच. तिसऱ्या कणसानंतर चिमटा सुनेच्या हातात, आणि तो अमेरिकेतल्या गोष्टी सांगायला टेबलापाशी. म्हणून म्हणते, घ्यायचाच झाला तर आधी बघा उभं कोण राहणार. तुम्हीच राहणार असाल तर गॅस घ्या, पंधरा मिनिटांत मोकळ्या. यांना उभं करायचं असेल तर कोळसा! अर्थात मसाला लावणं, कांदे कापणं, जाळी घासणं हे दोन्हीकडे आपलंच, ते काय सांगायचं.

अरे हो, एक राहिलंच. उशिरा थंडी वाढली, तर भावोजी म्हणाले, शेगडी गॅरेजमध्ये घेऊ आणि शटर ओढू, ऊब राहील. नऊ नंबरच्या डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या! कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास, ना रंग, आणि विझत आलेल्या निखाऱ्यातूनही येतो. गॅस गळला तर निदान घाण वास तरी येतो, तो मुद्दाम घातलेला असतो. दर हिवाळ्यात पेपरात येतं ना, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेले... भावोजींनी शटरचा हात सोडला. बिचाऱ्यांचा दिवसच नव्हता तो. राखसुद्धा काकांनी पत्र्याच्या बादलीत पाणी मारून ठेवली, सकाळपर्यंत आत विस्तव राहतो म्हणतात.

आता मुलगा कॉलनीभर सांगत फिरतोय, कर्नलकाकासुद्धा फसले, गॅस नि कोळशात फरक नाही. काका दोन दिवस फिरायला निघालेले नाहीत. निखाऱ्याचं तिघींनाच ठाऊक, आणि आता तुम्हाला. काकूंना म्हटलं, सांगून टाका की हो, बिचारे मनाला लावून बसलेत. तर त्या म्हणाल्या, ‘‘सांगेन. आधी पुढच्या शनिवारी जिद्दीने पुन्हा पेटवू देत, माझ्या माहेरची माणसं जेवायला यायची आहेत.’’

आल्या बघा चार नंबरच्या काकू गॅलरीत! तुम्ही आपलं जास्वंदीचं फूल तोडल्यासारखं करा...