पायरी ओळखून

कॅम्पर म्हणजे स्वयंपाकघर, पलंग आणि मोरी पोटात घेऊन धावणारी गाडी. तिच्या आतली फरशी जमिनीपासून साधारण दोन ते अडीच फूट वर असते, आणि माणसाचे गुडघे फूटभरसुद्धा एकदम उचलायला कुरकुरतात. या दोहोंमध्ये जी तडजोड घडवून आणते ती दाराखालची पायरी. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण जमीन सपाट मिळेल असे वचन कोणत्याही शासनाला देता येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत तर नाहीच नाही.

पायऱ्या दोन जातींच्या. एक गाडीच्या अंगालाच जडलेली, कळ दाबली किंवा हाताने ओढली की बाहेर येणारी. ती गाडीच्या बाजूची असते. खाली खड्डा आला तरी ती अधांतरी राहते आणि खड्ड्याची जबाबदारी घेत नाही. दुसरी सुटी, चार पायांची; प्रत्येक पाय खिळीने लांब-आखूड करता येतो. ती जमिनीच्या बाजूची. गाडीत चार माणसे चढली, स्प्रिंगा दबल्या आणि दार खाली आले, तरी ही जागची हलत नाही. अनुभवी प्रवासी दोन्ही बाळगतात आणि मुक्कामाला पोचल्यावर दगड शोधायला निघतात.

घरातल्या जिन्याच्या पायरीची उंची 19 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. त्या हिशेबाने अडीच फुटांना चार चढ लागतात, म्हणजे मध्ये तीन पायऱ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळे चढ सारखे हवेत. पाय पहिल्या दोन पायऱ्यांतच उंची पाठ करतो आणि पुढे डोळ्यांना विचारत नाही. जमीन वीतभर खाली गेली की शेवटचा चढ एकाएकी दुप्पट होतो. मग पहाटेच्या सफारीसाठी अंधारात, हातात चहाचा कप घेऊन उतरणाऱ्या गृहस्थाला वाघाच्या आधी जमिनीचे दर्शन घडते.

ताडोबा-अंधारीच्या गाभा क्षेत्रात स्वतःची गाडी नेऊन तळ ठोकता येत नाही. तळ पडतो तो वेशीबाहेर, परवानगी असलेल्या आवारात. मोहर्लीच्या बाजूला इरई धरणाचा जलाशय आहे आणि तिथे आलेल्या प्रत्येक कुटुंबाला कॅम्परचे दार पाण्याकडे हवे असते. पाणी उताराच्या तळाशी साचते हे शाळेतच शिकवलेले असते, पण सुट्टीत ते आठवण्याची सक्ती नाही. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात, म्हणून कॅम्परचे दार बहुधा डावीकडे असते. डावी बाजू पाण्याकडे, म्हणजेच उताराकडे, येईल अशी गाडी लावली की देखावा उत्तम मिळतो आणि पायरीचा प्रश्न सुरू होतो.

गाडी कललेली ठेवून चालत नाही. भात पातेल्याच्या एकाच कडेला शिजतो, मोरीचे पाणी बाहेर जायला तयार होत नाही आणि झोपलेली माणसे पहाटेपर्यंत एका भिंतीशी गोळा होतात. म्हणून आधी डावी-उजवी बाजू समपातळीत आणायची. फरशीवर पाणसळ ठेवायची, उताराकडच्या चाकांखाली पाचरीच्या आकाराचे ठोकळे सरकवायचे आणि गाडी त्यांवर चढवायची. मग हातब्रेक, मग चाकांना उटी. त्यानंतर कोपऱ्यांचे जॅक टेकवायचे. हे जॅक गाडी डुलू नये यासाठी असतात, उचलण्यासाठी नसतात. प्रत्येक कुटुंबात एक काका मात्र त्यांनी गाडी उचलू पाहतात.

पाणसळीतला बुडबुडा मधोमध येतो, टाळ्या पडतात, आणि मग दार उघडल्यावर खरा हिशेब समोर येतो. जमीन डावीकडे उतरती, म्हणून डावी चाके उचलली. डावी चाके उचलली, म्हणून डावीकडचे दार आणखी उंच गेले. गाडी जितकी सरळ, तितकी जमीन लांब. पायरी आधी लावून ठेवणाऱ्यांना ती याच टप्प्यावर पुन्हा लावावी लागते, म्हणून तिचा क्रम शेवटचा. या वेळेपर्यंत एखादा गुराखी बाजूला येऊन उभा असतो. चर्चा पूर्ण ऐकून घेतल्यावर तो म्हणतो, "गाडी उलटी फिरवून घ्या ना जी." दार चढाकडे आले की उतारच एक पायरी फुकट देतो. सल्ला बिनचूक असतो. पण दारासमोर झुडपांचा देखावा येणार, म्हणून तो बहुमताने फेटाळला जातो.

जमिनीचे स्वभाव पश्चिमेकडून पूर्वेकडे बदलत जातात. वरोऱ्याच्या बाजूची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. मे महिन्यात पायरीचा एक पाय भेगेत जातो. पावसाळ्यात चारही पाय रुततात आणि पायरी उचलताना वरोरा तालुक्याचा काही भागही सोबत येतो. उपाय जुनाच आहे: पायांखाली रुंद फळी घालावी, म्हणजे माणसाचे वजन चार टोकांवर न येता फळीभर पसरते. फळी सागाची असल्यास वाळवीही तिच्या वाटेला सहसा जात नाही. मुरमाड जमीन सर्वांत गुणी; तिच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे भाताच्या बांध्या लागतात. कापणीनंतर त्या सपाट दिसतात, आणि मालकाला विचारून, त्याने हो म्हटले तर, असतातही. फक्त गाडीचे दार नेमके धुऱ्यावर उघडते.

मार्कंड्याला वैनगंगेची रेती मोहात पाडते. रेतीत पायरी प्रत्येक पावलागणिक थोडी खाली जाते, तेव्हा शेवटी चढणाऱ्या आजीच्या वाट्याला सर्वांत मोठा चढ येतो. वर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की नदी पायरीची विचारपूस करत नाही, म्हणून पात्रात तळ टाकूच नये. आलापल्लीच्या सागवनात पानगळीनंतर हातभर लांबीच्या पानांचा थर साचतो आणि खालचा खड्डा बेमालूम झाकला जातो. तिथे आधी काठीने चाचपावे आणि नंतरच पायरी टेकवावी. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली मुक्काम टाळावा. मोहफुलांवर अस्वलाचा फार जीव, आणि दारातली पायरी ते स्वतःसाठीच मांडली आहे असे समजू शकते.

उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जाणे ही बातमी नसते. दुपारी लोखंडी पायरीवर अनवाणी उतरलेला माणूस उरलेल्या दोन पायऱ्या न वापरताच खाली पोचतो. तिच्यावर बांबूचा तट्टा बांधावा. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत तो सहज मिळतो. रात्री पायरीखालचा गारवा विंचवांनाही आवडतो. चपला तिथे काढून ठेवू नयेत, आणि ठेवल्याच तर झटकून घालाव्यात. सुटी पायरी रात्री आत घेतलेली बरी, पण मग पहाटे ती बाहेर नाही हे उतरणाऱ्याच्या लक्षात असायला हवे.

मुक्काम हलवताना क्रम उलटा: आधी पायरी, मग जॅक, मग उटी, शेवटी ठोकळे. काही गाड्यांत इंजिन सुरू होताच जडवलेली पायरी आपोआप आत जाते. बाकीच्यांत ती निमूट बाहेर राहते आणि पहिल्या अरुंद पुलाच्या कठड्याला भेटते. सुटी पायरी तर मोकळ्या जागेत एकटीच उभी राहून जाते. म्हणून निघण्यापूर्वी गाडीच्या डाव्या अंगाने एक फेरी मारावी, आणि ती काकांवर सोपवू नये.