रिसायकल बिन यांस अनावृत पत्र

श्री. रिसायकल बिन,
मुक्काम डेस्कटॉप, वरचा डावा कोपरा.
सा. न. वि. वि.

विषय : आपला मूळ चेहरा उतरवून दुसरा चढवण्याबाबत.

महोदय,

प्रथम आपलं अभिनंदन. 24 ऑगस्ट 1995 रोजी विंडोज 95 बाजारात आलं, तेव्हा आपल्या शेजारी माय कॉम्प्युटर होते, नेटवर्क नेबरहूड होते, माय ब्रीफकेस नावाचे एक साहेबी गृहस्थही होते. 2001 साली एक्सपी आलं आणि डेस्कटॉप झाडूनपुसून लख्ख करण्यात आला. बाकीच्यांची रवानगी आत झाली, नव्या कोऱ्या मशीनवर उरलात एकटे आपण. पाहुण्याच्या स्वागताला उंबऱ्यात फक्त कचऱ्याची टोपली ठेवणाऱ्यांच्या रसिकतेला आमचा दंडवत.

आपलं कुळही थोर. झेरॉक्सच्या स्टार संगणकाने 1981 साली अमेरिकन कचेरीतलं टेबलच उचलून पडद्यावर मांडलं. 1983च्या लिसा संगणकावर ॲपलने त्या कचेरीत टोपली आणली. मग मॅकिंटॉशसाठी सुसान केअर यांनी आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरत 32 गुणिले 32 ठिपक्यांत चित्रं बसवली. कौतुकच आहे. पण ही कचेरी आमची कधीच नव्हती. आमच्या हैदराबादच्या अंबरपेठेत कागद पिशवीत राहतात, पिशवी ट्रंकेत, आणि ट्रंक पलंगाखाली. कान असलेला पिवळा फोल्डर आम्ही पहिल्यांदा पाहिला तो पडद्यावरच.

तरी चेहऱ्याबद्दल आमची तक्रार नव्हती. तक्रार आहे ती पाटीबद्दल. रिसायकल! आजवर आपण नेमकं कशाचं काय केलंत? फाईल येते, पडून राहते, डिस्कवरची जागा अडवते. वाट्याची जागा भरली की सगळ्यांत जुनी फाईल आपण गुपचूप हाकलता. टोपली रिकामी करा म्हटलं, तर साध्या हार्ड डिस्कवर फक्त ‘जागा मोकळी’ अशी नोंद होते. मजकूर तिथेच, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. पेन ड्राइव्हवरून पुसलेलं सहसा आपल्याकडे येतच नाही. शिफ्ट दाबून डिलीट केलेल्याला तर आपण ओळखही देत नाही.

आणि ही पाटी आपण मिरवता कुठे, तर अंबरपेठेत! इथे मुसी नदीकाठी रोज 33.9 कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचं केंद्र आहे. बाग अंबरपेठेतलं बतुकम्मा कुंटा हे तळं राडारोड्याखाली आणि झुडपांत गडप झालं होतं. 2025 साली हायड्रा या सरकारी यंत्रणेने खोदायला घेतलं, पाणी वर आलं, आणि त्याच वर्षी बतुकम्माच्या सणात त्याचं लोकार्पण झालं. रिस्टोर म्हणतात ते याला. आपल्या पाटीवरचा दावा या वस्तीत तरी कोणी खपवून घेणार नाही.

सबब, आम्ही कारवाई केली आहे. डेस्कटॉपवर राइट क्लिक, पर्सनलाइज, थीम्स, डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज, आणि तिथे चेंज आयकॉन. आपल्या जागी आता रद्दीवाल्याची हातगाडी उभी आहे. सकाळी गल्लीत ‘पात इनुप सामान्लु कोंटाम’ (जुनं लोखंडी सामान विकत घेतो) अशी तेलुगू आरोळी देत येते, तीच. हा मनुष्य वस्तू घेतो, तोलतो आणि वर रोख पैसे देतो. आपण आजवर कोणाला दमडी तरी दिलीत?

मात्र कबूल करायला हवं, पदच्युत होतानाही आपण खमके निघालात. आपल्याला चेहरे दोन, एक रिकाम्या पोटी आणि एक भरल्या पोटी. रिकामी गाडी दिली आणि आम्ही निश्चिंत झालो, तर पहिली फाईल टाकताच आपली जुनी टोपली पुन्हा डोकं वर काढते. म्हणून भरलेली गाडी वेगळी काढावी लागते. तीही आयसीओ फाईल म्हणून, निरनिराळ्या मापांत. नाहीतर चाकं मेणासारखी वितळलेली दिसतात. फोटोचं नुसतं शेपूट बदलून ‘आयसीओ’ म्हटलं, तर आपण अस्सल हैदराबादी थाटात ‘नक्को’ म्हणता. इतकं सगळं जमल्यावर कोणी थीम बदलली, की आपण खुर्चीत परत! त्यावर तोडगा त्याच खिडकीत खाली आहे. थीमला आयकॉन बदलू देणाऱ्या चौकटीतली खूण काढायची. या खिडकीत रिस्टोर डीफॉल्टचं बटणही ठेवलेलं आहे, हे आम्हाला दिसत नाही असं समजू नये.

आता एक खासगी काम. आपल्या कंपनीच्या प्रमुखपदी 2014 पासून सत्या नाडेला आहेत, बेगमपेठेच्या हैदराबाद पब्लिक स्कूलचे माजी विद्यार्थी. रद्दीवाल्याची आरोळी त्यांना आम्ही समजावून सांगावी असं नाही. सिस्टम 32मधल्या इमेजरेस डीएलएल या फाईलच्या नावावर चित्रांचा एवढा गठ्ठा जमा आहे, त्यात एक हातगाडी घालावी, रिकामी आणि भरलेली अशी जोडीने, एवढा निरोप त्यांच्या कानावर घाला. वशिला म्हणा हवं तर. पण आपण इतकी वर्षं कोपरा अडवून बसलात, त्याचं भाडं म्हणून तेवढं कराच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
अंबरपेठेतला एक संगणकधारक