हडसनच्या नावाचं भांडण

अहो वहिनी, ऐकलंत का? जुनीच गोष्ट म्हणा, पण तुम्हाला अजून पुरती ठाऊक नाही म्हणजे कमालच! या अशा इकडे. ओरॅकलवाल्यांचं आणि हडसनचं हो!

तो कावागुची नावाचा प्रोग्रामर सन कंपनीत होता ना, तेव्हा त्यानं कोड टाकला की बिल्ड ब्रेक, आणि अख्खी टीम त्याच्यावर डाफरणार. मग २००४ साली बसून काढलं त्यानं हे हडसन. कोड चेक-इन झाला की आपोआप बिल्ड, आपोआप टेस्ट. काही मोडलं तर चारचौघांच्या आधी आपल्याला कळावं, एवढंच हो बिचाऱ्याचं म्हणणं. फुकट वाटलं सगळ्यांना. बघता बघता त्याच कामाच्या जुन्या क्रूझकंट्रोलला कुणी विचारेना.

आणि २०१० मध्ये सन गेली ओरॅकलच्या घरात. तिथून जी कुरबुर लागली... कावागुचीनं तर त्याच वर्षी नोकरी सोडली. इकडे प्रोजेक्टची मंडळी म्हणाली, आम्ही आपलं बिऱ्हाड गिटहबवर हलवतो. झालं! ओरॅकल म्हणे, हलवा खुशाल, पण हडसन हे नाव आमचं. कागदावर बघाल तर त्यांचंही खोटं नव्हतं, मी तोंडावर सांगेन. पण राबणारी माणसं कुणाची होती? जानेवारी २०११ मध्ये मतं घेतली. नाव बदला म्हणणारी २१४, नको म्हणणारी १४. चौदा हो! ओरॅकलच्या हापिसात तोंडं कशी झाली असतील, आणा डोळ्यासमोर.

नवं नाव झालं जेन्किन्स. वर ओरॅकल म्हणे, ‘फुटून निघालात ते तुम्ही.’ तर हे म्हणतात, ‘मूळ घर आमचंच, फुटलात तुम्ही!’ भाऊबंदकी नुसती. शेवटी हडसन एक्लिप्स फाउंडेशनच्या पदरात टाकलं आणि २०१७ मध्ये तेही मिटलं. नाव मिळवून काय केलंत, सांगा.

तर काय सांगत होते... हां, ट्रॅव्हिस! आपोआप बिल्ड करणारंच, बर्लिनचं ते. ओपन सोर्सवाल्यांना फुकट, म्हणून ज्याच्या त्याच्या प्रोजेक्टवर हिरवा ‘बिल्ड पासिंग’चा बॅज मिरवायचा. २०१९ च्या जानेवारीत आयडेरा कंपनीनं विकत घेतलं, नि पुढच्याच महिन्यात माणसं काढायला सुरुवात. त्यात त्या फुकटच्या मशीनींवर कोणी क्रिप्टो मायनिंग करत बसलेले, मेल्यांना लाज नाही! नोव्हेंबर २०२० पासून क्रेडिटं मोजून द्यायला लागले. आणि गिटहब अ‍ॅक्शन्स वर्षभर आधीच दुकान मांडून बसलेलं, मागे मायक्रोसॉफ्टचा पैसा. कोडही तिथंच, बिल्डही तिथंच... कोण थांबतंय ट्रॅव्हिसकडे?

त्याच धंद्यातल्या सर्कलसीआयचं मात्र वाईट वाटलं. एका इंजिनिअरच्या लॅपटॉपवर मालवेअर शिरलं, अँटिव्हायरसला पत्ता नाही, आणि जानेवारी २०२३ मध्ये गिऱ्हाइकांना सांगायची पाळी आली की तुमची सगळी टोकनं, पासवर्ड बदला. बिल्ड पुढे सर्व्हरवर चढवायचा तर ते त्यांच्याकडे ठेवावेच लागतात ना!

अगंबाई, मुख्य राहिलंच. कावागुची नंतर क्लाउडबीजमध्ये होता, जेन्किन्सवर धंदा करणारी ती. २०२० मध्ये तिथूनही निघाला, जोडीदार घेऊन लाँचेबल नावाची कंपनी काढली. आणि २०२४ मध्ये लाँचेबल विकत घेतली कुणी? ओळखा! क्लाउडबीजनं! आता बोला.