आवक-जावक

आमच्या काशीगावच्या बिल्डिंगमध्ये तात्या राहतात. सरकारी कचेरीत जन्मभर आवक-जावकचं टेबल सांभाळून निवृत्त झालेले. टेबल सुटलं, सवय सुटली नाही. बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी ध्यान सुचवलं, तेव्हापासून पहाटे गॅलरीत चटई. समोर मेट्रो, खाली काशिमिरा नाक्याकडे निघालेल्या ट्रेलरचे हॉर्न. त्याचं तात्यांना काही नाही. डोळे मिटले की खरी गर्दी सुरू होते: गॅसचं बटण, बँकेतलं नॉमिनेशन, धाकट्याचं लग्न, आज पाणी किती वाजता.

मग ते इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचे दहा दिवस काढून आले. पहाटे चारला घंटा, मौन, लिहा-वाचायला बंदी. आधी नुसता श्वास बघायचा. विचार आला तर त्याच्याशी भांडायचं नाही; आला एवढं जाणायचं आणि पुन्हा श्वासावर यायचं. यातलं ‘आला एवढं जाणायचं’ तात्यांनी मनावर घेतलं. म्हणजे आवक नोंद! घरी येताच जाड पुठ्ठ्याची वही उघडली. एक डोळा उघडायचा, लिहायचं, मिटायचा.

‘१४. बाथरूमचं लीकेज. सेक्रेटरीकडे वर्ग. १५. छातीत बारीक कळ. गॅस असावा. १६. गॅस नसला तर? (क्र. १५ सोबत वाचावे.)’

गोराईच्या पॅगोडात एक दिवसाच्या शिबिरालाही जाऊन आले. २००९ साली खुला झालेला तो घुमट, आत सुमारे ८००० माणसं बसतील एवढा, आणि खांब एकही नाही. दगडात दगड अडकवून तोललेला. हे कुणीतरी कौतुकाने सांगितलं आणि तिथेच घात झाला. बाकीचे श्वास बघत होते, तात्या छत.

काकूंचं मात्र उत्तम चाललंय. एरवी न आठवणारं सगळं तात्यांना ध्यानात आठवतं, हे त्यांनी हेरलंय. लॉकरची किल्ली सापडेना की म्हणतात, “अहो, जरा ध्यानाला बसता का?”

परवा सकाळी सकाळी बेल वाजली. दारात तात्या, घामाघूम, हातात वही.

“अरे, आज पान कोरं. एकही विचार आला नाही!”

“मग छानच की, तात्या.”

“छान काय? टपाल कुठेतरी अडकलंय.”