सुनेच्या नावावर अर्धा गुंठा

आमच्या कवठे महांकाळ तालुक्यातल्या निम्म्या द्राक्षबागा सध्या वाकड, रावेत, पुनावळ्याकडं आहेत. म्हणजे वेली इथंच आहेत. त्यांचे पैसे तिकडं सहाव्या-सातव्या मजल्यावर राहायला गेलेत.

पोरगा कंपनीत लागला, लग्न झालं, घरभाडं दर वर्षी वाढायला लागलं, की गावाकडं एक फोन येतो. एरवी "जेवलीस का" एवढं विचारून ठेवणारा आमचा चिरंजीव त्या दिवशी आधी पावसाची चौकशी करून गेला, मग छाटणीची, मग म्हशीची. गाडी म्हशीपर्यंत आली तेव्हाच मी ओळखलं, की आकडा मोठा आहे.

आकडा ६० लाखांचा होता. ३० ते ७५ लाखांच्या घरकर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांवर जायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. तेव्हा १२ लाख आपले. घर अजून बांधायचं चाललंय म्हणून ५ टक्के जीएसटी, ते ३ लाख. मुद्रांक शुल्क तिकडं ७ टक्के, ते ४ लाख २० हजार. नोंदणीचे ३० हजार. आमच्या मालकांनी औषधफवारणीच्या वहीच्या मागच्या पानावर बेरीज मांडली. साडेएकोणीस लाख.

"ह्येला म्हणं स्वतःचा हिस्सा," मालक म्हणाले. "स्वतःचा म्हंजे कुणाचा?"

त्याचं उत्तर घरातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं.

पैसे द्यायचे तर बघून द्यायचे, म्हणून आम्ही पुण्याला गेलो. नमुन्याच्या फ्लॅटमधे पलंग असा ठेवला होता, की त्यावर माणूस झोपला तर पाय गॅलरीत जावेत. टाय लावलेला पोरगा सांगत होता, "काका, सहाशे चाळीस कार्पेट." रेरा आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, चटईक्षेत्रच सांगावं लागतं, जिन्याचा नि लिफ्टचा भाग घालून आकडा फुगवता येत नाही, हेही त्यानं स्वतःच केलेल्या उपकारासारखं सांगितलं. मालकांचं लक्ष नव्हतं. ते मनात भागाकार करत होते. गुंठ्याला १,०८९ चौरस फूट.

"आरं, म्हंजे पाऊण गुंठा बी न्हाई! साठ लाखांत?"

"काका, पण ही प्राईम लोकेशन आहे."

"आमची बी रोडटच हाय. रत्नागिरी–नागपूर हायवे."

पोरानं हसून पाण्याची बाटली पुढं केली, आणि तिथं त्याचं चुकलं. पाण्याचा विषय आमच्या तालुक्यातल्या माणसापुढं काढू नये. आमची अर्धी हयात आभाळाकडं बघण्यात गेली आणि उरलेली म्हैसाळ योजनेकडं. कृष्णेचं पाणी म्हैसाळला उचलायचं, टप्प्याटप्प्यानं पंपांनी वर चढवायचं आणि मिरज, कवठे महांकाळ, जत असं करत आणायचं. आवर्तन कधी सुटणार आणि पाणीपट्टी कुणी थकवली, यावर आमच्याकडं लग्नं जुळतात आणि मोडतात.

"पाणी कुठलं हितं?" मालकांनी विचारलं.

"कॉर्पोरेशनचं येणार आहे. तोवर सोसायटी टँकर मागवते."

मालक खाली बसले. ढालगाव-नागजकडं दुष्काळात टँकर यायचे ते सरकारी, फुकट. टँकर चुकावा म्हणून ज्याला शिकवून बाहेर पाठवलं, तो आता ६० लाख भरून वर टँकरची वर्गणीही देणार होता. परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत ते बोलले नाहीत.

पण द्यायचे तर ठरलं होतं. वाद फक्त कशातून, एवढाच. आमचा बेदाणा कोल्ड स्टोरेजला होता. चार किलो द्राक्षं वाळवावीत तेव्हा किलोभर बेदाणा हाती येतो, आणि तो दर चढेपर्यंत ठेवून द्यायचा, हा मालकांचा आयुष्यभराचा रिवाज. बिल्डरचा रिवाज वेगळा. स्लॅब पडला की पैशाची मागणी. त्या मोसमात तिकडं स्लॅब पडत होता आणि इकडं तासगावच्या सौद्यात दर पडत होता. चिरंजीव फोनवर "आई, चौथा झाला" म्हणायचा, आणि शेजारच्या काकूंना वाटायचं सूनबाईंची गोड बातमी आहे.

मधे बँक निघाली. कर्ज वीस वर्षांचं, साडेआठ टक्क्यांनी, हप्ता महिना साडेएक्केचाळीस हजारांच्या वर. मालकांना कर्ज माहीत आहे ते गावच्या विकास सोसायटीचं. त्यांनी साहेबांना दोनच प्रश्न विचारले. मार्चला नवं-जुनं करता येतं का, आणि कर्जमाफी साधारण किती वर्षांनी होते. साहेबांनी चष्मा पुसला. मग त्यांनी विचारलं, "वडिलांचं उत्पन्न किती?" शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून विवरणपत्र नाही, आणि विवरणपत्र नाही म्हणून बँकेच्या लेखी उत्पन्नच नाही. म्हणजे ज्याच्या जिवावर पोरगा स्वतःचा हिस्सा भरणार, तो माणूस कागदावर कफल्लक. पैसे पिशवीतून आणतो म्हणाले, तर जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख चालत नाही. खात्यावरूनच द्या, आणि ही रक्कम उसनी नसून बक्षीस आहे असं लिहूनही द्या.

"बक्षीस? दहावीला पंच्याऐंशी टक्के पाडलं तवा सायकल मागत हुता, ती बी दिली न्हाई मी!"

लिहून दिलं. आईबापानं पोराला दिलेल्या बक्षिसावर कर नसतो, हे ऐकून त्यांना जरा बरं वाटलं.

मग नोंदणीच्या आदल्या आठवड्यात सूनबाई हळूच म्हणाली, की घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. एप्रिल २०२१ पासूनची आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. ती स्वतः नोकरीला आहे, कर्जावर दोघांच्या सह्या आहेत. १ टक्का म्हणजे ६० हजार.

मालकांच्या तीन पिढ्यांच्या सातबाऱ्यावर एका बाईचं नाव नाही. पण ६० हजार म्हणताच त्यांच्या चेहऱ्यावर सावित्रीबाईंच्या फोटोपुढं उभं राहिल्यासारखा भाव आला. "बाईच्या नावावर घर पायजेच," ते म्हणाले. "काळ बदललाय." समाजसुधारणा आमच्या घरात इतक्या स्वस्तात आली. चिरंजीवाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, पण बापापुढं बोलतो कशाला.

ही हकीकत मी मिरजेच्या लेकीला फोनवर सांगितली. ती पोटभर हसली. मग म्हणाली, "माझ्या घराच्या वेळी तुमचा बेदाणा विकायचाच नव्हता, नाही का? ते जाऊ दे. आई, सातबाऱ्यावर तुझं नाव आहे?"

नाही. छत्तीस वर्षं मी त्या बागेत विरळणी केली, डिपिंगचं द्रावण कालवलं, रॅकवर द्राक्षं पसरली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती : नवऱ्यानं आपण होऊन बायकोचं नाव जमिनीला लावायचं. १९९२ साली सरकारनंही तसा निर्णय काढला. मालक त्या काळात संघटनेचा लाल बिल्ला लावून हिंडत होते. बिल्ला अजून कपाटात आहे.

त्या रात्री मी विषय काढला. ते म्हणाले, "तुला कशाला नाव? सगळं तुझंच हाय की." हे सूनबाईला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तर म्हणाले, "तिथं सवलत हुती."

फ्लॅटची नोंदणी झाली. लक्ष्मीमुक्तीचा अर्ज नवऱ्यानंच द्यायचा असतो, म्हणून मी तो भरून टेबलावर ठेवलाय. मालकांची सही तेवढी राहिलीय. पुढच्या स्लॅबचे दोन लाख माझ्या दुधाच्या बिलांच्या ठेवीतून मोडायचे ठरलेत. त्या पावतीवर माझी सही लागते. तीही राहिलीय.